परतीची दोन तिकिटं

पितृपक्षात नवीन वस्तू घ्यायची नाही, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. तरी मी त्याच पंधरवड्यात सायकलचे बूट घेतले, कारण ते मला हवे होते आणि मी त्रेचाळीस वर्षांची होते. आईने खोका उघडून पाहिला आणि घट बसेपर्यंत ते तसेच राहू दे, एवढंच म्हणाली. मी शाळेत गणित शिकवते. तिथी पाहून बूट घालणं मला जमणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. उजाडता उजाडता बूट चढवले, सायकल लिफ्टमध्ये उभी करून खाली आणली आणि मरोळहून आरेच्या रस्त्याला लागले.

हे बूट पेडलला अडकतात. पाय सोडवायचा तर टाच बाहेर फिरवावी लागते. जुन्या बुटांना ते सवयीने यायचं, नव्यांना येत नव्हतं. नर्सरीच्या पुढे एक वळण आहे, तिथे जांभळाच्या झाडाखाली ओला पाचोळा साचला होता. पुढचं चाक त्यावरून सरकलं आणि मी पाय सोडवायच्या आत उजव्या खांद्यावर पडले. पडताना समोर एक पिवळं पान दिसलं होतं, कडेला कुरतडलेलं. त्यानंतरचं आठवतं ते थेट रिक्षातलं. दोन अनोळखी सायकलवाले मला मधे धरून बसले होते आणि त्यातला एक सारखं माझं नाव विचारत होता. मी ते त्याला आधी चार वेळा सांगितलं होतं म्हणे.

खांदा निखळला होता आणि हाडाचा एक तुकडा उडाला होता. डॉक्टरांनी खांदा जागेवर बसवला, हात झोळीत बांधला आणि घरी पाठवलं. संध्याकाळी त्या दोघांपैकी एकजण सायकल आणून द्यायला आला. माझं निळं हेल्मेट फुटलं होतं. एक बूट होता, उजवा मिळाला नाही म्हणाला. आईने त्याला चहा दिला आणि मी नक्की कुठे पडले, कुठल्या बाजूला, कुठल्या झाडाखाली, हे सगळं खोदून खोदून विचारलं. मला वाटलं, आई आहे, विचारणारच.

माझ्या मनगटावर व्यायामाचं घड्याळ होतं. नाडीचे ठोके मोजणारं. दोनेक दिवसांनी मी डाव्या हाताने फोनवर त्या सकाळची नोंद उघडली. चढावरची धाप, उतारावरचा आराम, सगळं रेषेत दिसत होतं. मग वळण आलं आणि रेष संपली. पुढची अकरा मिनिटं काहीच नव्हतं. मग रिक्षाच्या वेगाने ती पुन्हा सुरू झाली. पट्टा सैल होऊन वर सरकला असणार, हे मला लगेच कळलं. पट्टा सैल झाला की असंच होतं. तरी मी ते आईला दाखवलं नाही, आणि मीही पुन्हा उघडून पाहिलं नाही, असं म्हणायला आवडलं असतं. रोज पाहत होते.

आम्ही दोघीच राहतो. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मरोळच्या एका कारखान्यात वॉचमन झाले, आणि त्यांना जाऊनही आता बारा वर्षं झाली. आई मालवणकडची. पन्नास वर्षं मुंबईत काढून माझ्याशी ती इथलं मराठी बोलते. मालवणी ठेवलंय देवासाठी आणि स्वतःशी पुटपुटायला. हात झोळीत असेतो तिने माझं सगळं केलं. पुढून बटणांचे तिचे गाऊन मला घातले, केस विंचरले, भात कालवून पुढे ठेवला. मला कुणी हात लावलेला खपत नाही आणि मी तिच्यावर दिवसातून दहा वेळा खेकसत होते. ती उत्तर देत नव्हती. आमच्या घरात हे नवीन होतं. आईने उत्तर दिलं नाही की मला अस्वस्थ व्हायला होतं.

आडवं झोपता येत नसे. तीन आठवडे मी खुर्चीत बसूनच झोपले. दुपारी डुलकी लागून जाग आली की मांडीवर एक हात पडलेला असायचा. गार, थोडा सुजलेला, बोटं वळलेली. तो माझा आहे हे कळायला क्षण लागायचा. त्या क्षणात मी अगदी शांतपणे विचार करायचे, हा कुणी ठेवला इथे?

सर्वपित्रीच्या दिवशी दुपारी आई पिशवी घेऊन बाहेर पडली. रेशनच्या कामाला जाते म्हणाली. दिवेलागणीला परत आली. मी खुर्चीतूनच पाहत होते. तिने कुलूप काढलं, दार उघडलं, आत आली, पण दार लावलं नाही. ते धरून बाजूला सरकून उभी राहिली. कुणी मागून जिना चढत येत असलं आणि आपण त्याच्यासाठी दार धरावं, तशी. दहा-बारा सेकंद गेली असतील. मग तिने जिन्याकडे न बघताच दार ओढून घेतलं. कोण आहे, मी विचारलं. कुणी नाही, ती म्हणाली आणि देवापाशी दिवा लावायला गेली.

झोळी निघाली आणि खरी कटकट सुरू झाली. हात वर जाईना. फिजिओथेरपीला जिच्याकडे जायचे ती मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची होती आणि त्यांच्यापेक्षा जास्त कडक. तिने मला भिंतीसमोर उभं केलं आणि बोटांनी भिंत चढायला सांगितली. एकेक बोट पुढे टाकत हात वर न्यायचा, जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. घरीही रोज तेच. स्वयंपाकघराच्या दाराशेजारची भिंत मी त्यासाठी घेतली. पहिल्या पंधरा दिवसांत खुणा कमरेपासून छातीपर्यंत चढल्या. मग खांद्याच्या उंचीला आल्या आणि थांबल्या. रोज नवी खूण जुन्या खुणेवरच पडायची. तिथे एक काळा ठिपका तयार झाला, आणि महिना झाला तरी तो वर सरकेना.

दुखण्याचं मला काही नव्हतं. दुखलं असतं तर मी दात आवळून पुढे गेले असते, तेवढी मी हट्टी आहे. पण त्या उंचीला दुखतच नव्हतं. हात तिथे नुसता धरला जायचा. लहान मूल बाही धरून ओढतं ना, न बोलता, तसा. मी फिजिओला हे सांगितलं. तिने माझा एक्स-रे उजेडात धरला.

“मॅडम, एक्स-रे एकदम झकास आहे. हाड जुळलंय. हात दुसरं कोणी नाही, तुम्हीच धरून ठेवलाय.”

डॉक्टरांनी तेच जरा सभ्य शब्दांत सांगितलं. डिसेंबर संपेपर्यंत हात खांद्याच्या वर गेला नाही तर भूल देऊन, मी बेशुद्ध असताना, तो जोर लावून वर करावा लागेल. आत जमलेल्या गाठी त्याने फुटतात. साधी गोष्ट आहे, दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्यांनी सोमवारची तारीखही लिहून दिली. दहा-पंधरा मिनिटं, हे ऐकून मी मनातल्या मनात बेरीज केली. अकरा मिनिटं मी आधीच कुठेतरी ठेवून आले होते. आणखी पंधरा मला द्यायची नव्हती. फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहून मी शाळेत दिवस ढकलत होते. मुलं पुढच्या बाकांवरून वाकून वाचायची, तेही मला टोचायचं. पण भूल नको, हे मात्र मी मनाशी पक्कं केलं होतं. त्याआधी हात वर गेला पाहिजे होता, आणि तो जात नव्हता.

त्याच सुमाराला मी माझ्या मरणाची बातमी ऐकली.

फिजिओच्या बाहेरच्या बाकावर गुडघ्याचे एक काका माझ्या शेजारी बसायचे. मला काय झालं ते त्यांनी विचारलं. सायकलवरून पडले म्हटल्यावर ते म्हणाले, आरेच्या बाजूला जाऊ नका. तिथे नर्सरीच्या वळणावर पितृपक्षात एक बाई सायकलवरून पडून गेली. मी हसले. ती बाई मीच, काका, आणि गेले नाही, तुमच्या शेजारी बसलेय, असं सांगितलं. ते हसले नाहीत. नाही हो, ती वेगळी, ती जागच्या जागी गेली, म्हणाले. मग त्यांनी मला त्या बाईचं निळं हेल्मेट सांगितलं, आणि तिचा एका पायातला नवा बूट सांगितला, जो अजून तिथेच आहे म्हणे. तेवढ्यात त्यांचा नंबर आला आणि ते काठी टेकत आत गेले.

घरी जाऊन मी हे आईला गंमत म्हणून सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. कोण म्हणालं, तिने विचारलं, आणि मी सांगेपर्यंत तिने तव्यावरची पोळी करपू दिली. आई पोळी करपू देत नाही. मी म्हटलं, अगं लोकांना काय, काहीही बोलतात. ती म्हणाली, तू आता तिकडे जायचं नाहीस. मी भडकले. मेलेली नसून मेलेली म्हणवून घ्यायची आणि वर घरात बसायचं? तिने करपलेली पोळी बाजूला काढली आणि पुढची लाटायला घेतली.

त्यानंतर आठवड्याने शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की त्यांचे मिस्टर रविवारी आरेतून सायकलने जातात आणि त्या वळणावर आता सगळेच घंटी वाजवून जातात. तिथे कुणी बाई गेली ना. मला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ‘ती मी’ म्हणता आलं असतं. शब्द तोंडात आलेही होते. पण मला एकदम वाटलं, मी म्हणेन आणि या माझ्याकडे काकांसारखंच बघतील. म्हणून मी फक्त हो का म्हटलं.

भीती मला त्या संध्याकाळी वाटली, आणि ती सांगायला मला लाज नाही. आरशासमोर उभी राहून मी हात उचलला. खांद्याशी येऊन तो धरला गेला. मग मला सुचलं ते असं की आपण दोन असू शकतो. एक उठून रिक्षात बसली, नाव सांगत राहिली, घरी आली, फळ्याच्या खालच्या अर्ध्यात बेरजा लिहिते. दुसरी तिथेच आहे, आणि तिने बाही सोडलेली नाही. गणिताच्या शिक्षिकेला शोभणारा हा विचार नव्हता. पण आईचं लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तीन तास बाहेर राहणं, देवदिवाळीच्या आदल्या दुपारी पुन्हा जाणं, आणि प्रत्येक वेळी परत आल्यावर ते दार धरून उभं राहणं, हे सगळं मी पाहत होते. ती कुणासाठी दार धरते, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि त्याचं उत्तर मला नको होतं.

सोमवारची तारीख नऊ दिवसांवर आली तेव्हा मी शनिवारी शाळा सुटल्यावर रिक्षा केली आणि आईला न सांगता आरेत गेले. भर दुपार होती. ऊन चांगलं होतं, पण त्या झाडांखाली ते पोचत नाही. तबेल्यांचा वास यायचा तसाच येत होता. वळणाच्या अलीकडे मी रिक्षा सोडली आणि चालत गेले. माझ्या पायांना तो रस्ता आधी कळला. उतार जिथे सुरू होतो तिथे ते आपोआप जपून पडायला लागले.

जांभळाच्या बुंध्याशी एक दगड होता, हळदकुंकू लावलेला. नारळाच्या करवंट्या, सुकलेला झेंडू, पानावर वाळलेली भाताची शितं. आणि शेजारी माझा बूट. उजवा, करडा, टाचेला लाल पट्टी. कुणीतरी त्यात माती भरली होती आणि तुळशीचं रोप लावलं होतं. रोप चांगलं धरलं होतं.

रस्त्यापलीकडे पाड्यावरची एक बाई भाजी घेऊन बसली होती. मी कितीतरी वेळ बुटाकडे बघत उभी राहिल्यावर ती उठून आली. तिने सांगितलं, इथे एक बाई मेली. तिने स्वतः पाहिली होती. भाजीची टोपली घेऊन ती त्या वेळी इथूनच जात होती.

“डोळं उघडं होतं तिचं,” ती म्हणाली. “पर आत कोनी नव्हतं.”

मग दोन सायकलवाल्यांनी उचलून रिक्षात घातली आणि नेली. ती काय परत येते, म्हणाली. बूट नंतर गवतात सापडला, तो तिने झाडाशी ठेवला. तुळस मात्र तिने लावलेली नव्हती. तुळस त्या बाईच्या आईने लावली. ती अवसेला येते, दिवस कलायच्या वेळेला. जाड चष्मा, हातात निळी पिशवी. भात ठेवते, नारळ फोडते, मग झाडाकडे तोंड करून पोरीला हाका मारते. तीन हाका. मारून झाल्या की मागे न बघता बसस्टॉपवर जाते. ऐकवत नाही, असं भाजीवाली म्हणाली. तिने पाड्यात सांगितलं, तबेल्यात सांगितलं, सकाळच्या सायकलवाल्यांनाही सांगितलं की इथून हळू जा.

तेव्हा सगळं माझ्या ध्यानात आलं. आमच्या गावाकडे ही रीत आहे, लहानपणी सुट्टीत मी ती पाहिली होती आणि विसरून गेले होते. कुणी झाडावरून पडलं, विहिरीत पडून वाचलं, आणि नंतर नीट जेवेना, बोलेना, तर घरातली मोठी बाई पडल्या जागी जाऊन त्याला घरी बोलावते. शरीर आलं तरी माणूस घाबरून तिथेच बसून राहिलेलं असतं, म्हणून. अवसेला, दिवेलागणीच्या आधी. पडलेल्याला सांगायचं नाही. आणि हाक मारून निघालं की मागे वळून बघायचं नाही, नाहीतर पाठोपाठ येणारं माणूस बुजतं आणि परत फिरतं. गावात हे सगळ्यांना ठाऊक असतं. आरेतल्या भाजीवालीला ते कसं ठाऊक असणार? रिकाम्या जागेकडे बघून मुलीला हाका मारणारी आई तिने पाहिली आणि तिला जो अर्थ लागायचा तो लागला.

“तुमी कोन तिच्या?” तिने विचारलं.

मी म्हटलं, बहीण.

का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि तोंडवळा तसाच आहे म्हणाली. पैसे न घेता कोथिंबिरीची एक जुडी माझ्या पिशवीत टाकली. मी ती घरी आणली आणि आईने कुठून आणलीस म्हणून विचारलं, तर शाळेबाहेरून, असं खोटं सांगितलं.

अवस शुक्रवारी होती. सोमवारी भूल. शुक्रवारी मी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि आईच्या आधी तिथे जाऊन नर्सरीच्या भिंतीआड उभी राहिले. मी रागाने फणफणत होते. माझ्या पाठीमागे माझे दिवस घालतेस? शहरभर मला मेलेली करून टाकलीस? इतकी वर्षं मुंबईत राहून, मुलीला शिकवून शेवटी हेच? वाक्यं मी तयार ठेवली होती. ती येईल, पिशवी उघडेल, आणि मी पुढे होऊन तिला विचारेन.

ती बसमधून उतरली. मी तिला दुरून एकटीला असं कधी पाहिलं नव्हतं. घरात ती मोठी वाटते. त्या झाडांखाली चालताना ती एवढीशी दिसत होती, आणि डाव्या पायावर जरा कलून चालत होती. तिचा गुडघा दुखतो हे तिने मला सांगितलं नव्हतं. तीन महिने घरात फक्त माझंच दुखणं होतं. भाजीवालीने आपली जागा सोडली नाही, फक्त पदर डोक्यावर घेतला. आईने भात ठेवला. नारळ फोडला. तांब्यातलं पाणी बुटातल्या तुळशीला घातलं आणि मातीत बोट घालून ओल पाहिली. मग ती सरळ उभी राहिली.

“चल गो चेडवा, घराक चल. दिवेलागण होता हा.”

हा आवाज मला ओळखीचा होता. चाळीच्या गॅलरीतून खाली खेळणाऱ्या मला ती याच आवाजात हाक मारायची. रागावलेला नाही, विनवणीचाही नाही. जेवण तयार आहे, एवढंच सांगणारा. पुढे कधीतरी मला मालवणीची लाज वाटायला लागली आणि मी तिला मैत्रिणींसमोर तसं बोलू नको म्हणून सांगितलं. तेव्हापासून तिने मला त्या भाषेत हाक मारली नव्हती.

“चल गो बाये. कितको येळ हय एकटां बसतलंस?”

झाडाखाली काही हललं नाही. वारा नव्हता. दगड, बूट आणि तिची पाठ. ती जिथे बघत होती तिथे मीही पाहिलं, आणि मला शपथेवर सांगता येणार नाही की तिथे मला कुणीच दिसलं नाही. पाचोळ्यावर कुणी गुडघे पोटाशी घेऊन बसावं तेवढी जागा दबलेली होती. तिथे मी पडले होते, म्हणूनही असेल. उजव्या बाहीला ती नेहमीची ओढ लागली, हात खाली असतानाही. माझी वाक्यं कुठल्या कुठे गेली. मला रडू येत होतं आणि मला फक्त घरी जायचं होतं.

तिने तिसरी हाक मारली. नुसती माझ्या घरच्या नावाने. मी भिंतीआडून बाहेर आले आणि म्हटलं, “आले.”

आवाज माझा होता, पण बराच लहान होता. भाजीवालीने तोंडाला पदर लावला. आईचे खांदे एकदा वर झाले आणि खाली आले. ती वळली नाही. वाकून तिने तांब्या पिशवीत ठेवला, पिशवी खांद्याला अडकवली आणि माझ्या बाजूने, माझ्याकडे न बघता, बसस्टॉपकडे चालायला लागली. मी मागून निघाले. मला पुढे होऊन तिचा हात धरता आला असता. मी धरला नाही. आम्ही दोघी तशाच, मधे चार पावलं ठेवून, स्टॉपवर उभ्या राहिलो.

बस आली. ती चढली, मी तिच्या मागून चढले. दोघांच्या बाकावर ती अलीकडच्या जागेवर बसली आणि गुडघे बाजूला करून खिडकीकडे जायला वाट दिली. तो दुखरा गुडघाही. मी आत जाऊन बसले. कंडक्टर तिच्यापाशी आला आणि तिने काही मागायच्या आतच त्याने दोन तिकिटं फाडली. मी आईच्या बाजूने वाकून त्याच्याकडे बघत राहिले. येताना तिने एकच काढलं असणार. परतीची मात्र दर अवसेला दोन. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही, गर्दीच्या बसमध्ये, ही शेजारची जागा राखून बसली असणार आणि लोकांशी भांडली असणार.

कंडक्टर पुढे जाता जाता माझ्याकडे पाहून थांबला.

“ताई, आज खांदा बरा दिसतोय तुमचा,” तो म्हणाला.

माझा हात झोळीत नव्हता. मी पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला होता आणि त्या बसमध्ये मी जन्मात पहिल्यांदा बसले होते. आईने त्याला सांगितलं असेल. प्रत्येक वेळी दोन तिकिटं मागितल्यावर त्याने विचारलं असेल आणि तिने सांगितलं असेल. मी आईला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

आई समोर बघत होती. एक तिकीट तिने तसंच, मान न वळवता, माझ्या दिशेने वर धरलं. मी ते घेतलं. कुठल्या हाताने घेतलं ते मला मरोळच्या नाक्यावर उतरताना कळलं, कारण तिकीट उजव्या मुठीत होतं. सोमवारी डॉक्टरांनी हात पाहिला, त्या ठिपक्याच्या दोन बोटं वर तो गेला होता. त्यांनी तारीख पुढे ढकलली, आणि पुढे तिची गरज लागली नाही. भिंतीवरच्या खुणा हळूहळू चढल्या. आजही हात पुरता कानाला लागत नाही. हे सगळं पुढचं झालं. त्या संध्याकाळी मला हाताचं काही सुचत नव्हतं.

लिफ्ट असूनही ती जिन्याने चढली, तो गुडघा घेऊन, तीन मजले. मी मागे. तिने कुलूप काढलं, दार उघडलं आणि आत जाऊन, ते धरून, बाजूला सरकून उभी राहिली. मी तिच्यासमोरून आत गेले. तिने दार लगेच लावलं. कडी घातली. मग वळून, त्या दिवशी पहिल्यांदा, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

“भूक लागली असतली,” ती म्हणाली. “तीन म्हयने झाले.”